गोळ्या बंद पडल्या, डॉक्टर म्हणतात इम्प्लांट बसवा. कुणाला अनुभव आहे का?

माणदेशी
नमस्कार मंडळी. इथला जुना सभासद आहे, पण हा आयडी मुद्दाम नवा काढलाय. प्रशासकांना कल्पना दिलेली आहे, तेव्हा डुप्लिकेट आयडी म्हणून कुणी मागे लागू नये.

वय ५६. शुगरला पंधराएक वर्षं होऊन गेली, बीपी त्यानंतरचं. गेली काही वर्षं ताठरता येत नाही. सुरुवातीला सिल्डेनाफिलने (व्हायग्रातलं औषध) काम भागायचं, मग टॅडालाफिल, आता दोन्हीचा पूर्ण डोस घेऊनही फक्त डोकं दुखतं आणि नाक चोंदतं. व्हॅक्यूमचा पंप आणला होता. तो लावायचा, मग रबरी रिंग चढवायची, या सगळ्यात बायकोला हसू यायचं आणि मला घाम. तो आता माळ्यावर आहे.

युरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन देऊन डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) केलं. म्हणाले, रक्त आत येतंय कमी आणि आलेलं टिकत नाही, तुम्हाला इम्प्लांट बसवता येईल. दोन प्रकार सांगितले: एक वाकवायचा रॉडवाला, एक पंपाने फुगणारा. किमतीत इतका फरक की पहिल्या आकड्यावर मी मान हलवली आणि दुसऱ्यावर खुर्ची धरली.

हिचं म्हणणं, "या वयात कशाला चिरफाड?" पण ती हे म्हणते तेव्हा माझ्याकडे बघत नाही, म्हणून मला नक्की कळत नाही.

घरात मुलगा, सून, नातू. मी घरी लुंगीत असतो. रॉडवाला बसवला तर लपेल का? दुखतं किती? साखरवाल्याने करावं का? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी लिहावं, इथे जमत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खोडकर_बंड्या
काका, पंप चुकून देवळात सुरू झाला तर? हलके घ्या. 😄

वैजयंती_ताई
बंड्या, माणूस नवा आयडी काढून विचारतोय म्हणजे किती दिवस मनात धरून बसला असेल, याचा विचार कर. विनोदाला दुसरे धागे आहेत.
माणदेशी, मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

खोडकर_बंड्या
सॉरी काका. मनापासून.

वनौषधी_प्रेमी
ऑपरेशनच्या फंदात पडू नका. वाजीकरण (लैंगिक ताकदीचे उपचार) हा आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे, आपल्याकडे हे ज्ञान हजारो वर्षं आहे. माझ्या माहितीतले एकजण चूर्ण देतात, अर्ध्या तासात फरक. साइड इफेक्ट शून्य. व्यनि करा.

डॉ_मूत्राशय
(होय, आयडी कॉलेजातल्या मित्रांनी ठेवलाय. युरोलॉजी करतो, पश्चिम महाराष्ट्रात.)

आधी वरच्या चूर्णाबद्दल. अर्ध्या तासात गुण देणाऱ्या "हर्बल" पुड्यांमध्ये सिल्डेनाफिलच मिसळलेलं निघाल्याची उदाहरणं जगभरच्या औषध प्रशासनांनी पुन्हा पुन्हा जाहीर केली आहेत. त्यात किती आहे हे पुडी बांधणाऱ्यालाही माहीत नसतं. शुगर-बीपीवाला माणूस उद्या छातीत दुखलं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणार आणि पोटात हे चूर्ण असणार. दोन्ही मिळून बीपी असं कोसळतं की माणूस जाऊ शकतो. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, पुडीत काय आहे ते न सांगणाऱ्याशी आहे.

आता माणदेशी, तुमच्याकडे येतो.

शिश्नाच्या आत दोन बाजूंना स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. उत्तेजना आली की त्यांत रक्त भरतं, बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता टिकते. मधुमेहात रक्तवाहिन्या, नसा आणि तो स्पंज, तिन्ही बिघडतात. गोळी काय करते? नसांकडून येणारा निरोप टिकवून धरते. निरोपच येत नसेल तर गोळी कशाला धरणार? म्हणून गोळ्या "बंद पडतात".

इम्प्लांट म्हणजे त्या दोन नळ्यांत दोन सिलिंडर बसवणं. रॉडवाल्यात सिलिकॉनच्या कांड्या असतात, कायम घट्ट, हाताने वर करायच्या, खाली वाकवायच्या. फुगणाऱ्यात सिलिंडर पोकळ. सलाइनची छोटी पिशवी ओटीपोटात, जघनाच्या (शिश्नाच्या वरच्या) हाडामागे बसते, आणि पंप अंडकोषाच्या पिशवीत. पंप दाबला की पाणी पिशवीतून सिलिंडरमध्ये, काम झालं की बटण दाबून परत. बाहेर काहीही दिसत नाही, लोंबत नाही, बॅटरी नाही. त्यामुळे बंड्याने म्हटल्यासारखं देवळात काही होत नाही. फुगणाऱ्या प्रकारात थोडंसं आपोआप भरण्याची तक्रार कधीकधी असते, पण ती वेगळी गोष्ट.

ऑपरेशन तासा-दीड तासाचं. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. चीर छोटी, शिश्न आणि अंडकोष जिथे मिळतात तिथे किंवा वर जघनाच्या हाडाशी. लघवीची नळी एखादी रात्र.

ज्या गोष्टी दवाखान्यात घाईत सांगायच्या राहतात त्या लिहितो, कारण नंतरची नाराजी बहुतेक त्यांतूनच येते.

पहिली: परतीची वाट नाही. सिलिंडर बसवताना आतला स्पंज दाबला जातो, खराब होतो. नंतर इम्प्लांट काढलं तर गोळी, इंजेक्शन काही पुरेसं चालत नाही. म्हणून हा शेवटचा उपाय.

दुसरी: लांबी वाढत नाही. उलट "पूर्वीपेक्षा कमी वाटते" ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. सैल अवस्थेत हलक्या हाताने ताणल्यावर जेवढी लांबी भरते, साधारण तेवढीच मिळणार. टोकाचा भाग, म्हणजे मणी, आपोआप फुगत नाही.

तिसरी: इच्छा, स्पर्श, तृप्ती, वीर्य हे जसं आज आहे तसंच राहतं. इम्प्लांट फक्त ताठरपणा देतं. इच्छाच नसेल तर ती सिलिकॉनमधून येत नाही, त्यासाठी टेस्टोस्टेरॉन, मनःस्थिती, चालू औषधं हे वेगळं बघावं लागतं.

चौथी, सगळ्यात महत्त्वाची: जंतुसंसर्ग. पहिल्या ऑपरेशनला शंभरात एक ते तीन जणांना. मधुमेह्यांत, विशेषतः साखर बेलगाम असेल तर, धोका जास्त. संसर्ग झाला की नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, बहुधा सगळं काढावं लागतं. २००१ पासून रिफॅम्पिसिन आणि मिनोसायक्लिन या औषधांचा लेप दिलेले सिलिंडर मिळू लागले आणि हे प्रमाण बरंच खाली आलं. तरी तुमची एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) किती आहे ते आधी सांगा. आठ-साडेआठच्या वर असेल तर मी सहसा थांबायला सांगतो. काही सर्जन एवढे कडक नसतात.

आणि एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. हृदय तपासलंत का? शिश्नाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. तोच कचरा लहान नळीत आधी अडतो. ताठरतेची तक्रार कित्येकांत हृदयविकाराच्या दोन-चार वर्षं आधी येते. ईसीजी, टू-डी इको, गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या, इम्प्लांट बसवा किंवा न बसवा.

वाचक_चकोर
डॉक्टर, +१. वाचनखूण साठवली.

निवृत्त_मेकॅनिक
माणदेशी, मी करून घेतलंय. रॉडवालं. त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाही.

माझी केस वेगळी. अपघातात कंबरेचं हाड मोडलं, नस गेली. वय तेव्हा ४९. फुगणाऱ्याचा आकडा ऐकून तिथेच फुली मारली. मला बसवलंय ते मुंबईच्या डॉ. रुपिन शहांनी विकसित केलेलं देशी मॉडेल, सगळे "शहा" म्हणतात. त्यात बुडाशी एक मऊ बिजागरीसारखा भाग असतो, त्यामुळे खाली सोडलं की बऱ्यापैकी खाली राहतं. वरची आवरणं काढता येतात, त्यावरून सर्जन जाडी जमवतात. परदेशी फुगणाऱ्याच्या मानाने फारच स्वस्त पडतं.

दुखणं: पहिला आठवडा वाईट. खोटं सांगत नाही. अंडकोष सुजून काळेनिळे, बसताना उशी लागायची, लघवीला जाताना भिंत धरायचो. दुसऱ्या आठवड्यात गोळीवर भागलं. स्कूटरला महिनाभर हात लावू नका, खड्डे माहीत आहेतच. डॉक्टरांनी सहा आठवडे थांबायला सांगितलं ते पाळलं.

लपण्याबद्दल: लुंगीत दिसतं. तोंडावर सांगितलेलं बरं. पण लुंगीखाली चांगली घट्ट इलॅस्टिकची अंडरपँट घातली आणि वर पोटाशी टेकवून ठेवलं, तर कुणाला पत्ता लागत नाही. मी लग्नकार्यात पंगती वाढल्यात. पोहायचं सोडलं, ते मात्र खरं. नातू एकदम मांडीवर उडी मारतो तेव्हा जरा कळ येते, तर सवयीने हात आधी पुढे जातो.

आणि सकाळी शर्ट घालताना कधीतरी आपल्यात काहीतरी बसवलेलं आहे याची आठवण होते. वाईट वाटत नाही, नुसती आठवण होते.

डॉ_मूत्राशय
मेकॅनिकसाहेब, तुमच्या पोस्टची झेरॉक्स काढून ओपीडीत लावावी म्हणतो.
एक भर. रॉडमुळे पुढे कधी दुर्बीण घालून प्रॉस्टेटचं काम करायचं झालं तर थोडी अडचण होते. माणदेशी, लघवीची धार बारीक असेल, रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल, तर ते आधी निकाली काढा. आणि ज्यांना त्या भागाची संवेदनाच नाही, मणक्याच्या इजेचे रुग्ण उदाहरणार्थ, त्यांच्यात रॉड आतून घासून बाहेर येण्याचा धोका जास्त. कळच येत नाही, मग लक्ष कसं जाणार.

जर्सीकर
इकडून लिहितोय. प्रॉस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नसा वाचवायचा प्रयत्न झाला पण वाचल्या नाहीत. दोन वर्षं वाट पाहिली, मग तीन भागांचं फुगणारं बसवून घेतलं. इथे अमेरिकेत मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) याचा खर्च उचलते, म्हणून किमतीचा विचार करावा लागला नाही. भारतात मेडिक्लेमवाल्यांना आधी लेखी विचारा, तोंडी "हो" वर जाऊ नका.

पंपाची सवय लागायला वेळ गेला. ऑपरेशननंतर पाच-सहा आठवड्यांनी नर्सने शिकवलं. अंडकोषाच्या पिशवीत बोटांनी चाचपायचं, पंपाचा फुगीर भाग सापडला की दाबत राहायचं. पहिल्यांदा मला पंप आणि अंडकोष यांतला फरकच कळेना, नर्स शांतपणे म्हणाली "दॅट वन इज युवर्स, सर". बायको दाराशी उभी राहून हसत होती. आता अंधारातही जमतं. पण ज्यांची बोटं संधिवाताने आखडलीत किंवा हात थरथरतो त्यांनी हा विचार आधी करावा. बायकोने पंप चालवायचं ठरवलं तरी हरकत नाही, आमच्याकडे कधीकधी तसंच असतं.

सैल केल्यावर कपड्यात काहीच कळत नाही. जिमच्या सार्वजनिक शॉवरमध्ये जातो. यंत्र आहे, बिघडू शकतं हे मात्र धरून चाला.

डॉ_मूत्राशय
बरोबर. फुगणारं दहा वर्षांनी पाचातल्या साधारण चार जणांचं चालू असतं. बिघडलं तर बदलायचं ऑपरेशन, आणि दुसऱ्यांदा उघडलं की संसर्गाचा धोका वाढतो. रॉडमध्ये बिघडायला फारसं काही नसतं.
कधी एमआरआयची वेळ आली तर कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल आहे ते कार्ड दाखवा. आजकालच्या बहुतेक मॉडेलना अटींसह चालतो, पण टेक्निशियनला सांगितलंच पाहिजे. ते कार्ड जपून ठेवा, आणि बायकोला कुठे ठेवलंय ते माहीत असू द्या.

इतिहासवेडा
अवांतर करतो, माफी असावी.
१९३६ मध्ये बोगोराज नावाच्या रशियन सर्जनने रुग्णाच्या बरगडीची कूर्चा वापरून आधार द्यायचा प्रयोग केला होता. ती कूर्चा शरीरात विरून जायची. सिलिकॉन आल्यावर खरी सुरुवात झाली. १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट आणि सहकाऱ्यांनी फुगणारं इम्प्लांट जाहीर केलं, १९७५ मध्ये स्मॉल आणि कॅरिऑन यांच्या सिलिकॉनच्या कांड्या आल्या. व्हायग्रा मार्च १९९८ ची. म्हणजे गोळीच्या पंचवीस वर्षं आधी पंप आला! मला तरी हे उलटं वाटायचं.
आणि मधल्या काळातला किस्सा: १९८३ मध्ये लास व्हेगासला युरोलॉजिस्टांच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने भाषणाआधी हॉटेलच्या खोलीत स्वतःच ताठरतेचं इंजेक्शन घेतलं, आणि व्याख्यान चालू असताना ट्रॅकपँट खाली करून परिणाम दाखवला. वर खात्री करून घ्या म्हणत पहिल्या रांगेकडे गेला. सूटबूट घातलेले डॉक्टर आणि गाऊन घालून आलेल्या त्यांच्या बायका तिथे बसलेल्या होत्या म्हणे.

वैजयंती_ताई
इतिहासवेडा, हे वाचून चहा नाकात गेला.

मोगरा_७१
इतका वेळ फक्त वाचत होते. माझ्या नवऱ्याचं झालंय, फुगणारं. त्यांना विचारून लिहितेय.

माणदेशी, तुम्ही लिहिलंत की बायको "कशाला चिरफाड" म्हणते तेव्हा तुमच्याकडे बघत नाही. मीही हेच वाक्य म्हणायचे. मी का म्हणायचे ते सांगते, तुमच्या घरचं मला माहीत नाही.

ऑपरेशनच्या आधीची चार-पाच वर्षं हे माझ्याशेजारी बसेनासे झाले. टीव्ही बघताना खुर्ची वेगळी. मी स्वयंपाकघरात असले की हे बाहेर. चुकून हात लागला तरी काढून घ्यायचे, कारण हात लागला की पुढे काही अपेक्षा असेल अशी धास्ती. आणि मला वाटायचं, माझं वय झालं, मी जाड झाले, आता यांना मी नको. विचारायची सोय नव्हती. विचारलं की "काम आहे" म्हणून उठायचे. डॉक्टरांकडे गोळ्या चालू होत्या हेच मला कपाटातल्या पाकिटावरून कळलं, आणि पहिला विचार आला तो दुसऱ्याच बाईचा. लिहायला लाज वाटते, पण आला.

डॉक्टरांनी दोघांना बोलावलं तेव्हा मी प्रथम ऐकलं की हे साखरेमुळे आहे. ऑपरेशनचं नंतर ठरलं. आधी सहा महिने आम्ही फक्त शेजारी बसायला लागलो.

आता प्रत्यक्ष. बाईला फरक कळतो का? थोडा कळतो. टोक पूर्वीसारखं भरत नाही, जरा गार लागतं. आणि आमच्या वयात माझ्याही अडचणी असतात, कोरडेपणा असतो, त्याची जेल स्त्रीरोगतज्ज्ञांकडून लिहून घेतली. ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. पुरुषाचं यंत्र दुरुस्त झालं की बाई आपोआप तयार, असं सगळे धरून चालतात.

"या वयात" हे शब्द ती लोकांसाठी म्हणत असेल. तिला एकदा डॉक्टरांकडे बरोबर न्या आणि तिला बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

जर्सीकर
मोगराताई, 🙏. हे बायकोला वाचून दाखवलं.

नुकताच_ठरलंय
डॉक्टर, मी २७. पुढच्या महिन्यात लग्न. होणाऱ्या बायकोसोबत दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा ऐनवेळी गेलं. सकाळी उठताना असतं, एकटा असताना व्यवस्थित असतं. एका क्लिनिकने फोटो मागवून "नसा कमजोर" म्हणून सांगितलं, कोर्सचे ऐंशी हजार. मीही इम्प्लांट करून टाकू का?

डॉ_मूत्राशय
नाही. तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे. सकाळी असतं, एकटं असताना असतं, म्हणजे नळ्या, नसा, रक्त सगळं जागेवर आहे. ही धास्ती आहे. एकदा फसलं की दुसऱ्यांदा माणूस बायकोकडे न बघता स्वतःकडे बघत बसतो, आणि अ‍ॅड्रेनालिन चढलं की ताठरता उतरणारच. तुमच्यासारख्याला कुणी इम्प्लांट सुचवलं तर तिथून उठून या. फोटोवरून नसा दिसत नाहीत. ऐंशी हजार लग्नाला लागतील. एमबीबीएसच्या पुढे शिकलेल्या लैंगिक समस्यातज्ज्ञाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, साखर आणि हार्मोन एकदा तपासा, आणि तिला सांगा.

नुकताच_ठरलंय
तिला सांगायचं?

मोगरा_७१
हो. तिला बहुतेक कळलेलंच असेल.

वनौषधी_प्रेमी
सगळे ऑपरेशनचीच जाहिरात करताय.

निवृत्त_मेकॅनिक
अहो, डॉक्टरांनी आत्ताच एकाला ऑपरेशन करू नको म्हणून सांगितलं. वरती वाचा की.

माणदेशी
मंडळी, उशिरा येतोय. दिवाळीची धावपळ होती.

हिला मोगराताईंची पोस्ट वाचायला दिली. फोन हातात घेऊन देवघरात गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली "डॉक्टरांची वेळ घ्या, मी येते." एवढंच. मीही पुढे काही विचारलं नाही.

गेलो. मी मध्ये बोललो नाही (ताईंच्या सांगण्यावरून, जड गेलं). हिने तीन प्रश्न विचारले. याने यांच्या हृदयावर ताण येईल का, नंतर काही झालं तर कुणाला फोन करायचा, आणि केलं नाही तर चालेल का. शेवटच्यावर डॉक्टर म्हणाले, "अगदी चालेल. हा जीव वाचवायचा उपचार नाही." त्यानंतर ही जरा सैल बसली.

एचबीएवनसी ९.१ निघाली. डॉक्टरांनी वही मिटली, म्हणाले आठच्या खाली आणा, तोवर मी हात लावणार नाही. टू-डी इको ठीक, स्ट्रेस टेस्ट पुढच्या आठवड्यात. मधल्या काळात शिश्नात घ्यायचं इंजेक्शन करून बघू म्हणाले. डॉपलरच्या वेळी त्याने थोडी ताठरता आली होती, डोस वाढवून कदाचित जमेल. जमलं तर इम्प्लांटचा प्रश्नच नाही. नाही जमलं तर रॉडवालं, कारण दुसऱ्याचे पैसे माझ्याकडे नाहीत आणि मुलाकडे मागणार नाही. मेकॅनिकसाहेब, अंडरपँटचा ब्रँड व्यनि करा.

इंजेक्शनची भीती वाटते. इन्सुलिन घेतो रोज, पण तिथे म्हणजे...

डॉ_मूत्राशय
तुमच्या सर्जनने योग्य केलं. सुई इन्सुलिनइतकीच बारीक असते, टोचल्याचं फार कळत नाही. बाजूला टोचायचं, वर किंवा खाली मधोमध नाही. दर वेळी बाजू बदला, नाहीतर आत गाठ धरते. काढल्यावर बोटाने पाच मिनिटं दाबून धरा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा आणि जास्त वेळ दाबा.
पहिले डोस दवाखान्यातच घ्यायचे, घरी स्वतःच्या मनाने वाढवायचे नाहीत. आणि ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर आनंद मानत बसायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी इमर्जन्सीला जायचं. आत अडकलेल्या रक्ताने स्पंज कायमचा मरतो. जाताना कुठलं इंजेक्शन, किती घेतलं, ते लिहिलेला कागद बरोबर न्या, कारण ड्यूटीवरच्या ज्युनिअरला हे दर वेळी माहीत असेलच असं नाही.

माणदेशी
कागद हिने लिहून पर्समध्ये ठेवला. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

निवृत्त_मेकॅनिक
व्यनि केलाय. एक साइज लहान घ्या.